पतंग कधी सोडावा?

संक्रांतीच्या दिवशी येवल्याच्या गच्च्यांवर उभ्या असलेल्या पोरांना पतंगाला ढील कधी द्यावी आणि दोर कधी आवरावा, हे सांगावे लागत नाही. परंतु पतंगच उडवणाऱ्याला ओढून नेऊ लागला तर? काइटसर्फिंग या क्रीडाप्रकाराचे सारे आकर्षण या उफराट्या व्यवहारात आहे आणि त्यातील धोक्याचे मूळही तेथेच आहे.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या बंधूंनी हवा भरून फुगवता येणाऱ्या आणि पाण्यात पडल्यावर पुन्हा उडवता येणाऱ्या पतंगाचे पेटंट १९८४ मध्ये नोंदवले. चाळीस वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेयच्या समुद्रावर या खेळाच्या शर्यती झाल्या. आपल्याकडे गोव्यातील मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर आणि तमिळनाडूत रामेश्वरमच्या परिसरात हा खेळ शिकवला जातो.

खेळाडू पायांखालच्या फळीवर उभा असतो. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला एक दांडा अडकवलेला असतो आणि त्या दांड्यापासून वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या पतंगापर्यंत गेलेल्या असतात. नऊ किंवा बारा चौरस मीटरचा पतंग म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढे कापड! शिवाय वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बारा नॉटचा वारा चोवीस नॉटचा झाला, की पतंगाची ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. अनुभवी खेळाडू वारा पाहून पतंगाचा आकार निवडतात आणि संभ्रम असल्यास लहानच घेतात, ते यामुळेच.

नवख्याला भीती वाटते ती पाण्याची. वस्तुतः गंभीर दुखापती पुष्कळदा वाळूवर किंवा किनाऱ्यालगत होतात, कारण तेथे दगड, होड्या, झाडे आणि माणसे असतात. पतंग वाऱ्याच्या ऐन दिशेत, समोरासमोर कधीही उभारू नये. तेथे तो पूर्ण ताकदीने ओढतो. जाणत्या मदतनिसाकडून तो वाऱ्याच्या कडेला धरवून घ्यावा व उंचावताच किनारा सोडावा. डोक्यावर स्थिर धरलेला पतंग निरुपद्रवी भासतो. पण अवचित झोत आला, की तोच माणसाला सरळ वर उचलतो.

वाऱ्याच्या दिशेचा विचार त्याहून आधीचा. शाळेच्या भूगोलातील खारे वारे आणि मतलई वारे येथे उपयोगी पडतात. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. तो बिघाड झालेल्या खेळाडूला खोल समुद्रात नेतो. थेट किनाऱ्यावर आदळणारा वाराही बरा नव्हे, तो सावरायला जागाच देत नाही. समुद्राकडून तिरका येणारा वारा सर्वांत सोयीचा. रामेश्वरमजवळ धनुष्कोडीच्या चिंचोळ्या पट्टीच्या एका बाजूस पाल्कचा उपसागर, तर दुसऱ्या बाजूस मन्नारचे आखात आहे. एका बाजूला किनाऱ्याकडे येणारा वारा दुसऱ्या बाजूला किनाऱ्यापासून दूर नेतो आणि ऋतू पालटला, की हे गणित उलटते. एखादी जागा सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्यामुळे त्या दिवसाचा वारा पाहूनच विचारावा लागतो.

सर्व काळजी घेऊनही पतंग आवरेनासा झाल्यास शेवटचा उपाय कमरेशीच असतो. दांड्याखालील कळ पुढे ढकलली, की सारा ताण एकाच दोरीवर जातो आणि पतंग झेंड्यासारखा फडफडत खाली येतो. एवढ्याने ओढ थांबली नाही, तर सुरक्षादोरीची दुसरी कळ वापरून पतंग पूर्णपणे सोडून द्यायचा. या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र मानक कळीचे असते, मनाचे नाही. अडचण होते ती हाताला. दांडा घट्ट आवळून धरणे ही घाबरलेल्या माणसाची सहजप्रवृत्ती आहे आणि दांडा जवळ ओढला, की पतंगाचा जोर उलट वाढतो. त्यात महागडा पतंग वाहून जाईल, ही धास्ती! या दोन-तीन क्षणांच्या घासाघिशीतच अनर्थ घडतो. म्हणून चांगला प्रशिक्षक कळ सोडण्याचा सराव पुनःपुन्हा, डोळे मिटूनसुद्धा, करवून घेतो. वाळू व मीठ साचून ही कळ अडकू शकते. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी ती एकदा चालवून पाहणे आवश्यक ठरते.

वारा पडल्यास दोऱ्या दांड्यावर गुंडाळत पतंगापर्यंत जायचे आणि त्यालाच तराफा व शीड करून किनारा गाठायचा, हेही पहिल्या धड्यांतच शिकून घ्यावे. हेल्मेट, अंगावरील फुगीर जाकीट आणि दोरी कापण्याची आकडेदार सुरी या वस्तूंवर काटकसर नको. प्रवासविमा उतरवला असल्यास त्यात साहसी क्रीडा अंतर्भूत आहेत काय, हे निघण्यापूर्वीच वाचून पाहावे; अनेक पॉलिसींत त्या वगळलेल्या असतात.

क्षितिजावर काळा ढग दिसू लागला, की पावसाच्या पुढे धावणारा झोत कोणत्याही क्षणी येऊ शकतो. अशा वेळी जाणते खेळाडू पाण्यातून बाहेर येतात, पतंगातील हवा सोडतात आणि वाळूवर बसून चहा मागवतात.