सोन्याचा डबा आणि बिनसिमचा फोन

सप्टेंबर २०१८. हैदराबादच्या पुरानी हवेलीतलं निझाम संग्रहालय. रात्री दोघं झरोक्याच्या वाटेने हिरे-माणकं जडवलेला तीन कप्प्यांचा सोन्याचा डबा उचलून पसार झाले. जोडीला रत्नजडित कप, बशी आणि चमचा. सीसीटीव्हीत एक जण फोनवर बोलताना दिसला, म्हणून पोलिसांनी चारमिनार परिसरातल्या मोबाइल कॉलचा भुसा उपसला. हाती काही लागेना, कारण त्या फोनमध्ये सिमच नव्हतं! पोलिसांना चकवण्यासाठी पठ्ठ्या नुसता कानाला फोन लावून फिरत होता.

आठ-दहा दिवसांत दोघं पकडले गेले. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात राहून आले होते, आणि त्यातला एक निझामाच्या डब्यातून जेवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. सोन्याने मढवलेलं कुराणही ते उचलणार होते म्हणे, पण तेवढ्यात अजान ऐकू आली आणि हात मागे आला.

एखाद्या लेखकाने वेब सिरीजमध्ये हे असंच्या असं लिहिलं असतं तर ‘जरा अतीच’ म्हणून कापलं गेलं असतं. आणि थ्रिलर बघण्यासारखी होते ती नेमकी अशाच ऐवजावर. चोरी किती कोटींची, हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. बिनसिमचा फोन राहतो. हल्लीच्या निम्म्या मालिकांत देश वाचवायचा असतो, बॉम्ब निकामी करायचा असतो, उलटी घड्याळं टिकटिकत असतात. पण नायक दुपारी जेवतो कशातून, ते मात्र कळत नाही.

हैदराबादला असल्या मालाची टंचाई कधीच नव्हती. जेकब हिरा घ्या. १८४.७५ कॅरट! सहाव्या निझामाच्या खरेदीवरून कोलकात्यात कोर्टकचेरी झाली, त्याला त्या हिऱ्याचा वीट आला. पुढे मुलाला, म्हणजे मीर उस्मान अलींना, तो वडिलांच्या बुटाच्या टोकात सापडला. त्यांनी त्याचं काय केलं? कागद उडू नयेत म्हणून वर ठेवला. १९९५मध्ये निझामाचे दागिने भारत सरकारने २१८ कोटींना घेतले, त्यात हे पेपरवेटही आलं.

याहून भारी कथानक पैशांचं. २० सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई नुकतीच आटोपलेली. निझामाच्या लंडनमधल्या खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर गेले. निझाम म्हणाला, मी परवानगी दिलीच नव्हती, पैसे परत करा. बँकेने हात वर केले. मग एकदम १९५७: हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊनही गाठ सुटली नाही. पुढे अर्धशतक सन्नाटा. २०१३मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा ठोकला आणि प्रकरण पुन्हा जिवंत झालं. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायाधीशांनी निकाल दिला: पैसे भारत आणि निझामाच्या वारसांचे. तोवर रक्कम फुगून साडेतीन कोटी पौंड झाली होती. सीझन संपताना गाठी तशाच सोडून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या निर्मात्यांनी नोंद घ्यावी. इथे ७१ वर्षं लागली, पण उत्तर मिळालं.

थ्रिलरला बारीक तपशील पुरतो, सायफायला मात्र नियम लागतो. एकदा घालून दिला की लेखकालाही मोडता येणार नाही असा. हैदराबादी उदाहरण म्हणजे ‘कुडी एडमैते’. ‘आहा’ या तेलुगू ओटीटीवरची २०२१ची आठ भागांची मालिका. (‘आहा’चा मुहूर्तही बघा: २५ मार्च २०२०, लॉकडाउनचा पहिला दिवस. प्रेक्षक घरातच कोंडलेले!) पोलीस अधिकारी दुर्गा आणि फूड डिलिव्हरी करणारा आदी एकाच दिवसात अडकतात, दिवस संपतो आणि तोच पुन्हा सुरू होतो. अमला पॉल आणि राहुल विजय. दिग्दर्शक पवन कुमार, ज्याने लोकवर्गणीतून ‘लुसिया’ हा कन्नड सिनेमा उभा केला होता. अवकाशयान नाही की लेझर नाही. मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागणाऱ्या पोराला घड्याळाच्या तावडीत द्यायचं, ही कल्पनाच अर्धं काम करते. मधले एक-दोन भाग आटोपते घेता आले असते, पण नियम कुठे ढिला पडत नाही.

उलट दिशेने आपली मराठी मालिका ‘समांतर’ तेलुगूत डब होऊन गेली. सुहास शिरवळकरांची कादंबरी, पहिल्या सीझनला सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, स्वप्निल जोशी आणि नितीश भारद्वाज. एकाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा भविष्यकाळ, आणि डायरीचं रोज एकच पान वाचायचं. हा नियम एवढा सोपा की आजीलाही समजतो, आणि पुढचं पान उलटायला तिचाच हात आधी शिवशिवतो.

नियम पाळण्याची हद्द गाठली ती जर्मन ‘डार्क’ने. ३३ वर्षांच्या फेऱ्याची गोष्ट: १९५३, १९८६, २०१९. त्यात जगबुडीची तारीख २७ जून २०२०. नेटफ्लिक्सने शेवटचा सीझन कधी आणला? २७ जून २०२०लाच. चार वर्षांनी त्याच तारखेला तेलुगू सिनेमा ‘कल्की २८९८ एडी’ थिएटरात आला, हा निव्वळ योगायोग. तेलुगू सायफायचं मूळ मात्र १९९१च्या ‘आदित्य ३६९’मध्ये आहे. त्यात टाइम मशीन कृष्णदेवरायाच्या दरबारात जातं आणि तिथून थेट २५०४मध्ये. भूत, भविष्य, वर्तमानासाठी छायाचित्रकारही तीन वेगवेगळे! त्याचे दिग्दर्शक सिंगितम श्रीनिवास राव यांनाच ‘कल्की’वाल्यांनी मार्गदर्शक म्हणून बोलावलं. आणि सिनेमाच्या आधी महिनाभर बुज्जी या बोलक्या गाडीची ॲनिमेशन मालिका प्राइमवर आली, ती केली हैदराबादच्या ग्रीन गोल्डने. हो, लाडू खाणाऱ्या ‘छोटा भीम’वाल्यांनीच.

शेवट आधीच ठाऊक असेल तर? तरी चालतं, हे हैदराबादेत जन्मलेल्या नागेश कुकुनूरने दाखवलं. उस्मानियाचा केमिकल इंजिनीअर. आपल्याला तो ‘सिटी ऑफ ड्रीम्स’मुळे ठाऊक: अतुल कुलकर्णी, प्रिया बापट, सिद्धार्थ चांदेकर अशी मराठी फौज. २०२५मध्ये त्याने सोनीलिव्हवर ‘द हंट’ आणली, राजीव गांधी हत्येच्या तपासावर. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरमध्ये काय घडलं हे शाळेतल्या पोरालाही माहीत. तपासप्रमुख डी. आर. कार्तिकेयन तेव्हा हैदराबादेतच सीआरपीएफमध्ये होते. स्फोटात छायाचित्रकार मारला गेला, पण त्याचा कॅमेरा वाचला आणि आतल्या फोटोंतून धागा सुटत गेला. मारेकरी कोण, हा प्रश्नच उरत नाही. ते कसे सापडले, एवढ्यावर सात भाग खुर्चीला खिळवतात.

आणि एक मालिका अशी, जिच्यापेक्षा तिच्याभोवतीच जास्त नाट्य झालं. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९च्या पत्रात कबूल केलं होतं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. नेटफ्लिक्सने ‘बॅड बॉय बिलियनेअर्स’मध्ये त्यांच्यावर एक भाग केला. हैदराबादच्या दिवाणी न्यायालयाने तो रोखला, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये मल्ल्या, नीरव मोदी आणि सुब्रत रॉय यांचे तीनच भाग आले. नसलेल्या पैशांची गोष्ट, तीही तेव्हा न दाखवलेल्या भागात!