परदेशी शिक्षण : सातबाऱ्याला हात लावण्यापूर्वी

मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षापासून प्रथम श्रेणी सोडलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर एका रात्री जेवणे उरकल्यावर ती हळूच विषय काढते, "बाबा, मला पुढचं शिकायला जर्मनीला जायचंय." वडील थोडा वेळ गप्प राहतात. मग विचारतात, "किती लागतील?" मुलगी आकडा सांगते. आईचा भांडी विसळणारा हात थांबतो. वडील म्हणतात, "ओढ्याकाठचं दीड एकर काढू. जमीन काय पोरीपेक्षा मोठी आहे?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, अशी बोलणी आज अनेक घरांतून होत आहेत. त्या बापाचे शब्द ऐकून कोणाचाही ऊर भरून येईल. पण ऊर भरून आला म्हणून हिशेब चुकता कामा नये. शिक्षणाचा खर्च तीन-चार ठिकाणांहून उभा करता येतो. विकलेली जमीन मात्र पुन्हा त्या भावाने मिळत नाही. म्हणून जमिनीचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि त्यापूर्वी कोणकोणती दारे ठोठवावीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

थोरांनी पैसा कसा उभा केला?

परदेशी जाऊन शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा तो करार होता. मुदत संपल्यावर १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पण त्यांनी नाद सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे मागे टाकले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले.

यातून घेण्यासारखे एवढेच, की स्वतःची शिल्लक, दात्याची मदत आणि फेडता येईल एवढे उसने, असा त्यांनी मेळ घातला. सगळा भार एका खिशावर टाकला नाही. आपल्यालाही हाच मार्ग धरायचा आहे.

पहिले दार : जिथे फी कमी तो देश

पैसे कोठून आणायचे याआधी, मुळात लागतात किती हे पाहावे. एकच पदवी एका देशात ४० लाखांना पडते, तर दुसऱ्या देशात तिची फीच नसते.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणाची फी घेत नाहीत. दर सहामाहीला साधारण १०० ते ३५० युरो वर्गणी भरावी लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांतात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली आहे. म्हणून देशाचे नाव ऐकून न थांबता ज्या विद्यापीठात जायचे त्याचे फीपत्रक स्वतः वाचावे.

मग मुलीने सांगितलेला मोठा आकडा कसला? तो राहण्या-खाण्याचा. जर्मनीचा व्हिसा मागताना वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो १०० रुपयांचा धरला, तर सुमारे १२ लाख रुपये होतात. पण हे पैसे कोणाला दिलेले नसतात. खाते विद्यार्थ्याच्याच नावाचे असते आणि तेथे पोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो त्याच्या हाती येतात. कणगीत वर्षाचे धान्य भरून ठेवावे आणि महिन्याचे महिन्याला काढावे, तसाच हा प्रकार आहे. याखेरीज कागदपत्रांच्या तपासणीचे १८,००० रुपये, व्हिसाचे ७५ युरो आणि विमानाचे तिकीट हे खर्च धरावेत. दुसऱ्या वर्षाची सोय दाखवावी लागते, हेही विसरू नये.

येथे एक सूचना. बारावी झाल्याबरोबर मुलाला बाहेर धाडण्याची घाई करू नये. जर्मनीत पदवीचे बहुतेक शिक्षण जर्मन भाषेत चालते, आणि मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतांशी पदवीनंतरच्या शिक्षणाला मिळतात. पदवी इथेच घ्यावी आणि पुढच्या शिक्षणाला बाहेर जावे. यात निम्म्याहून अधिक पैसा वाचतो, आणि तोवर मुलाला जगाची समजही येते.

दुसरे दार : शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे. ती गुणांवर मिळते आणि परत फेडावी लागत नाही. आपल्या घरांना लागू पडतील अशा काही पाहू.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, पारंपरिक कारागीर आणि भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठी आहे. शेतमजुरांसाठी यात राखीव जागा आहेत ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागते. फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे मिळते. अनुसूचित जमातींसाठी अशीच योजना आदिवासी कार्य मंत्रालयाची आहे.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. मराठा व कुणबी समाजातील मुलामुलींसाठी 'सारथी' संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. इतर मागास वर्ग, भटक्या जमाती, आदिवासी आणि खुला प्रवर्ग यांच्यासाठीही शासनाच्या त्या त्या खात्याच्या योजना आहेत. जागा थोड्या असतात आणि अटी वर्षावर्षाला बदलतात. म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या मुलाला काय लागले ते ऐकून अर्ज भरू नये, यंदाची जाहिरात वाचावी.

परदेशी सरकारांच्याही शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्यांना जातीची अट नाही. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस योजनेत फी भरावी लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. वनस्पतींचे आरोग्य यासारखे शेतीशी थेट संबंध असलेले अभ्यासक्रमही तिच्यात आहेत. जर्मनीची 'डाड' ही संस्था शेती, पाणी, ग्रामविकास या विषयांना शिष्यवृत्ती देते. मात्र तिच्या अशा काही योजनांना पदवीनंतर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. जपान सरकारची शिष्यवृत्ती फी, जाण्यायेण्याचे भाडे आणि मासिक खर्च देते.

म्हणजे पदवीनंतर दोन वर्षे कृषी खात्यात, बियाणे कंपनीत किंवा एखाद्या संस्थेत काम करणे यात वेळ फुकट जात नाही. अनुभव येतो, चार पैसे शिलकीला पडतात आणि शिष्यवृत्तीचे दार उघडते.

तिसरे दार : विद्यापीठ स्वतःच पैसे देते

अमेरिकेत मास्टर्सच्या पदवीला बहुधा स्वतःचे पैसे घालावे लागतात. पण पीएच.डी.ला चांगली विद्यापीठे बहुधा फी माफ करतात आणि शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेतील काम देऊन दरमहा वेतन देतात. जर्मनीतही पीएच.डी. करणारा विद्यार्थी पुष्कळदा पगारावर नेमलेला असतो. ज्या मुलाला संशोधनाची खरी आवड आहे, त्याने हा मार्ग आधी पाहावा. येथे प्राध्यापकाला आपले काम समजावून सांगणारे पत्र लिहिता आले पाहिजे, आणि पदवीच्या काळातच एखादा प्रयोग मनापासून केलेला असला पाहिजे.

"तिकडे पोरगं काम करून फी भरतं," असे पारावर सांगणारे भेटतात. त्यावर विसंबू नये. कामाच्या वेळेवर कायद्याची मर्यादा असते. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास. यातून वरखर्च निघतो, फी निघत नाही.

चौथे दार : बँकेचे कर्ज

एवढे करूनही खड्डा उरला, तर शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत बहुधा तारण लागत नाही. त्यावर लागते. नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला तर काही बँका मोठ्या रकमेलाही तारण मागत नाहीत. ४ लाखांवरच्या कर्जात परदेशी शिक्षणाच्या खर्चाचा साधारण १५ टक्के वाटा घरचा घालावा लागतो.

तारणात शेतकऱ्याची अडचण होते. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. बँकांना कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार देणारा जो २००२ चा कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँक बिगरशेती प्लॉट, घर, मुदत ठेव किंवा विमा मागते. बँकेने नाही म्हटले की माणूस सावकाराकडे वळतो किंवा जमीन विकायला काढतो. इथेच थांबावे. दुसऱ्या दोन बँकांत विचारावे. टाटांनी १८९२ साली स्थापन केलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटसारख्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्ज करावा.

कर्ज घेण्यापूर्वी हप्ता काढून पाहावा. समजा, २० लाख रुपये ११ टक्क्यांनी घेतले आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे सवलतीचे एक वर्ष, या तीन वर्षांत सरळ व्याज ६ लाख ६० हजार होते. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर २६ लाख ६० हजार असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३६,६०० रुपये येतो. परदेशात नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. पण नोकरी न लागता मूल परत आले तर? इथल्या पगारातून तो निघेल का? सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते, आणि बँक त्यांच्याच दारी येते. हा प्रश्न मुलामुलीसमोर बसून, मोकळेपणाने बोलावा. न झेपणारे कर्ज असेल तर कमी खर्चाचा देश निवडावा, किंवा दोन वर्षे थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

दोन वर्षे आधीची मशागत

पेरणीच्या दिवशी नांगरट करून चालत नाही. परदेशी शिक्षणाची तयारीही दोन वर्षे आधी लागते.

जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांपैकी जे जे लागू असेल ते आधी काढून ठेवावे. जात पडताळणीला वेळ लागतो, आणि एका कागदावाचून शिष्यवृत्ती हुकते. पासपोर्ट पदवीच्या शेवटच्या वर्षापूर्वीच काढावा.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो म्हणून आपण विवरणपत्र भरत नाही. पण बँका बहुधा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. कर शून्य असला तरी ती भरत जावीत. ऊस, कांदा, कापूस यांचे पैसे खात्यावर घ्यावेत आणि पट्ट्या जपून ठेवाव्यात. खात्यात एकाएकी मोठी रक्कम दिसली की व्हिसा देणारे ती कोठून आली हे विचारतात. पीककर्ज थकीत असेल तर सहकर्जदार म्हणून वडिलांची पत कमी पडते, म्हणून ते वेळेवर नवेजुने करून घ्यावे.

दलालापासून जपावे. तो आपल्याकडून फी घेत नसला, तर विद्यापीठाकडून कमिशन घेत असतो, आणि कमिशन जिथे जास्त तिथलेच नाव सुचवतो. "महिनाभर पैसे तुमच्या खात्यात ठेवतो, व्हिसा झाला की परत द्या," असे कोणी म्हणाला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. खोटे दाखवलेले पकडले गेले की मुलाचा पुढचा मार्गही बंद होतो.

आणि शेवटी घरातली एक गोष्ट. मुलाच्या शिक्षणाला जमीन निघते आणि मुलीच्या वेळी मात्र "लग्नाचं काय?" असे विचारले जाते. लग्नात मांडव, वाजंत्री आणि मानपानावर आपण जे उधळतो, त्यात बंद खात्यातील कितीतरी महिन्यांचा खर्च निघेल. मुलीच्या नावाने ठेवलेला पैसा मुलीच्या विद्येला लागला तर तो सत्कारणीच लागला.

दीड एकर काढू म्हणणाऱ्या त्या वडिलांचे मन मोठे आहे. त्यांनी मुलीला एवढेच सांगावे, "बाई, तू जा. पण आधी पाच विद्यापीठांची फी लिहून आण, तीन शिष्यवृत्त्यांचे अर्ज भर, दोन बँकांत जाऊन ये. मग आपण चौघे बसून बेरीज करू." ही बेरीज जमली तर मुलगी शिकेल, आणि ओढ्याकाठचे दीड एकरही घरात राहील.