माळ्यावरच्या तंबोऱ्याची जवारी

जुनी गिटार दुरुस्तीला आली की कारागीर आधी तार कुठल्या पडद्याला घासते ते शोधतो. पडदे घासून, मान सरळ करून ती झणझण घालवली की काम फत्ते. तंबोऱ्याचे नेमके उलटे. तिथे झणझण घालवायची नसते, आणायची असते. तीही चारही तारांवर एकसारखी. हीच जवारी. जुना तंबोरा दुरुस्त करणे म्हणजे मुख्यतः गेलेली जवारी परत आणणे.

नाशिकच्या एखाद्या जुन्या वाड्यात माळ्यावर गवसणीतला तंबोरा निघाला, तर तो मिरजेचा असण्याचीच शक्यता जास्त. ही दोन्ही गावे सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर, पण गाण्याने जवळ आलेली. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम काढून राहिले. १९३१ साली त्यांचे निधन झाले ते मात्र मिरजेतच.

मिरजेचे वाद्यकार मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार-पाणी देणारे. संस्थानी काळात तलवारींचे काम आटले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये हाती घेतली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेतच स्थायिक झाले. वाजवणारा कान शेजारीच असल्याने चूक लगेच कळे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. जाड सालीचा, कडू. पंढरपूर-मंगळवेढा भागात तो मुद्दाम पिकवतात. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, बहुधा तुणीच्या लाकडाची. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वाद्यात पहिली तपासणी या सांध्यांची होते. नाशिकचा कोरडा उन्हाळा लाकूड आकसवतो, पावसाळा ते फुगवतो. या ओढाताणीत सांधा उकलतो, भोपळ्याला चीर जाते. चीर आतून कापड चिकटवून बुजवता येते. खुंट्या घसरत असतील तर कधी खडू पुरतो, कधी भोक भरून नव्याने पाडावे लागते. तबली मात्र तारांच्या ताणाने आत बसली असेल तर काम मोठे. ती उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

एवढे झाले तरी तंबोरा वाद्यासारखा दिसतो, बोलत नाही. बोलतो तो घोडीवरून, म्हणजे तबलीवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून. घोडीचा माथा वरवर सपाट वाटतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तारेने वर्षानुवर्षे घासून त्यात बारीक चरे पाडलेले असतात. कारागीर तार बाजूला सारून कानशीने दोन-चार हात मारतो, पॉलिश पेपर फिरवतो, तार पुन्हा बसवतो आणि छेडून ऐकतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालून तो नखाने केसभर पुढे-मागे सरकवतो. एका जागी बंद, ठोकळ आवाज. जरा सरकला की तार एकदम खुलते आणि मुळच्या स्वराच्या अंगातून वरचे स्वर झिरपायला लागतात. एक कानस जास्त लागली तर आवाज पत्र्यासारखा होतो आणि सगळे पहिल्यापासून.

हे का घडते, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडला होता. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद, म्हणजे न हलणारा, बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये, असा रूढ नियम. तंबोरा आणि वीणा तो मोडतात, हे त्यांनी १९२१ साली दाखवले. कारण घोडीच्या उतरत्या माथ्यात आहे: कंपताना तार त्याला सतत टेकते-सुटते, आणि त्यातून नवे उपस्वर जन्मतात.

म्हणूनच जाणता कारागीर आधी विचारतो, "पट्टी कुठली?" पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर ते. काळी एकला उघडलेली जवारी काळी चारला तशीच राहत नाही, कारण ताण बदलतो. आजोबांचा मर्दानी तंबोरा नातीच्या पट्टीला चढवला तर तारा तुटतात, तबलीवर भार येतो. तिथे तारांचे माप बदलावे लागते किंवा सरळ दुसरा तंबोरा घ्यावा लागतो.

रियाजाला आता मोबाइलमधला तंबोरा असतो, तो कधी उतरत नाही, सोयीचाही आहे. पण स्वर उतरला हे ओळखून खुंटी पिळायची आणि बारीक फरकासाठी तारेतला मणी सरकवायचा सराव त्यात होत नाही. माळ्यावरचा तंबोरा खाली काढणार असाल तर नुसते पॉलिश करून दिवाणखान्यात उभा करू नका. आणि दुरुस्तीनंतर तो आणायला दुसऱ्या कुणाला धाडू नका. ज्याला गायचे आहे त्याने जावे, कारागिरासमोर आपला सा लावावा, आणि चारही तारा एकसारख्या बोलल्याखेरीज उठू नये.