पाणपोईचा हिशेब

सोयाबीन निघालं होतं आणि गव्हाची पेरणी अजून व्हायची होती. देपालपूरच्या शिवारात या दिवसांत जमीन थोडी रिकामी असते आणि गावकीला भागवतकथा सुचते. सात दिवसांची कथा, रोज दुपारी तीन तास. माझा मामेभाऊ इंदूरहून फिरती शौचालयं पुरवतो. त्याच्या घरी कुणी धंदा विचारला तर ‘मंडपाचं काम’ असं सांगतात. “एकदा येऊन बघ तरी, मंडप कसला असतो ते,” असं म्हणत दादाने मला गाडीत बसवलं. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता.

पोहोचल्यावर त्याने मंडपाकडे पाहिलंच नाही. बांधावरून उतरला आणि टाच मातीत दाबली. माळव्याची काळी माती, वरून टणक, आत ओल. “पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाच टन नुसतं पाणी. रात्री एक सर आली की चाक रुतलंच.” म्हणून आधी मुरूम, मग बाकीचं. शौचालय कुठे बसवायचं हे त्याच्या कामात टँकर ठरवतो. मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप तीसेक मीटरचा. गाडी त्याच्या आत आली पाहिजे. विहीर लांब हवी. भंडाऱ्याच्या चुली वाऱ्याच्या वरच्या अंगाला हव्यात. आणि भरलेली गाडी रिकामी कुठे होणार, हे त्याला आधी ठरलेलं लागतं; नाहीतर ती अंधारात कुठल्या तरी नाल्यावर उभी राहते. मैला माणसाने हाताने उपसायचा नाही, असा 2013चा कायदा आहे. “म्हणजे गाडी आलीच पाहिजे. ‘बघू नंतर’ हा पर्यायच नाही,” दादा म्हणाला.

आयोजकांनी वीस केबिनी मागितल्या होत्या. दहा बायकांच्या, दहा पुरुषांच्या. वाटणी सारखी, म्हणून कुणाला खटकलं नव्हतं. माणसं सहा हजार येणार होती आणि कथा असल्यामुळे त्यात चार हजार तरी बायका. इथून जवळ गौतमपुरा आहे, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गाव. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटची लढाई होते; दोन गट पेटती हिंगोट फळं एकमेकांवर फेकतात. ती गर्दी संध्याकाळपुरती, मुख्यतः पुरुषांची. त्या गर्दीचा अंदाज कथेला लावून भागत नाही.

दादाने वही उघडली. ब्रिटनमधल्या कार्यक्रमांसाठीच्या एका जुन्या सुरक्षा मार्गदर्शिकेतले आकडे त्याने उतरवून ठेवलेत. सहा तासांच्या आतला कार्यक्रम असेल तर 120 बायकांमागे एक शौचालय. पुरुषांना 600 जणांमागे एक, शिवाय 175 जणांमागे एक मुतारी. त्या हिशेबाने बायकांना 34 लागत होती आणि पुरुषांना चार. आयोजक हसले. मग दादाने दुसरा हिशेब मांडला. आरती संपली की आठातली एक बाई निघाली असं धरा. पाचशे जणी. साडी सावरून, कडी लावून, हात धुऊन प्रत्येकीला दोन मिनिटं. हजार मिनिटं झाली. दहा केबिनी असतील तर शेवटच्या बाईचा नंबर शंभर मिनिटांनी लागेल. 34 असतील तर अर्ध्या तासात. “तुमच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या शंभर मिनिटं थांबणार का?” घासाघीस होऊन आकडा चोविसावर आला: वीस बायकांच्या, चार पुरुषांच्या, आणि पत्र्यामागे मुताऱ्यांची रांग.

परदेशी आकडा एका गोष्टीत मात्र आपल्याला फसवतो. तिथे टाकीत कागद पडतो, आपल्याकडे पाणी. केबिनीखालची टाकी दोनशे लिटरची. एका वेळेला मगभर-दोन मग पाणी धरलं तर दोन लिटर झाले. शंभर जणी येऊन गेल्या की टाकी तुडुंब. म्हणून जितकं पाणी आणायचं, तितकंच उपसून न्यायची तयारी ठेवायची. पाणी वाचवायला मग काढून घेतले, तर पुढच्या बाईला आत पाऊल टाकवत नाही.

पहिल्या दिवशी यातलं काहीच घडलं नाही. आरती झाली, ट्रॉल्या भरल्या आणि बायकांच्या केबिनी जवळपास रिकाम्याच राहिल्या. “बघा, आम्ही म्हणत होतो ना, खेड्यातल्या बायकांना सवयच नाही,” एक कार्यकर्ते म्हणाले. दादा काही बोलला नाही. मी मंडपाच्या मागे गेले, तर सोयाबीनच्या भुसाच्या ढिगाआड बायका दोघी-दोघींनी जात होत्या. एक आडोशाला, दुसरी राखणीला.

एका आजींना मी सरळ विचारलं. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग बोलल्या. केबिनींकडे जायचं तर पुरुषांच्या पार्किंगमधून जावं लागतं. दारं तिकडेच उघडतात. आत कोण गेली, केव्हा आली, सगळ्यांना दिसतं. पायरी गुडघ्याएवढी. आणि आत खुंटी नाही, पिशवी कुठे ठेवायची? मग दिवस कसा काढता, मी विचारलं. “सकाळपासून पाणीच पीत नाही, बाई.”

दादाने त्याच रात्री जागा हलवली. केबिनी मंडपाच्या मागच्या दाराशी, बायकांच्या बैठकीलगत आणल्या. समोर कनात लावली, वेगळी वाट ठेवली, विटांच्या दोन जास्त पायऱ्या रचल्या, धरायला बांबू बांधला. प्रत्येक दारामागे खिळा, कोपऱ्यात झाकणाचा डबा, वाटेवर दिवा. खर्च थोडका होता. एवढ्या रात्री पुन्हा मुरूम टाकायचा म्हणून मजूर तेवढे कुरकुरले.

मला वारीची आठवण झाली. पालख्यांच्या तळांवर 2015 पासून ‘निर्मल वारी’चं काम चालतं. तिथे शौचालयं मांडून भागलं नाही. स्वयंसेवकांना पहाटे उठून वारकऱ्यांना वाट दाखवावी लागली. प्रयागच्या 2019च्या कुंभात लाखावर शौचालयं होती. पण कितीही मांडली, तरी त्या आजी तिथवर पोहोचतात का हे आकड्यावरून कळत नाही. गरज असूनही ती लपवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या रांगेत दिसत नाहीत. आणि रांग नाही, म्हणून पुढच्या वर्षी केबिनी आणखी कमी होतात.

दुसऱ्या दिवशी वीसेक जणी आल्या. तिसऱ्या दिवशी रांग लागली. चौथ्या दिवशी दुपारी दोनलाच पाणपोईवरचा मुलगा धावत आला: दोन्ही ड्रम संपले, कालपर्यंत तर संध्याकाळी निम्मे उरत होते. कार्यकर्ते ऊन वाढल्याचं बोलू लागले. ऊन काही वाढलं नव्हतं.

दादाने वही काढली. पाणपोईसमोर ‘दोन ड्रम जास्त’ लिहिलं आणि उपसणाऱ्या गाडीची वेळ पाचवरून तीनवर आणली.