मॉलची वाट बघू नका, आधी गाडी थांबवा! ढोकीच्या बाजारपेठेचा हिशोब



"सर, आमच्या गावात धंदाच राहिला नाही. पोरं मोबाईलवरून मागवतात, बाकीचे लातूरला जातात. एखादा मॉल आला तर काहीतरी होईल." ही तक्रार ओळखीची वाटते ना? चला, आज धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीचं उदाहरण घेऊन हिशोब मांडू.

ढोकी म्हटलं की तेरणा साखर कारखाना. गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगार, ट्रॅक्टरवाले, कामगारांचे पगार, उसाची बिलं. हॉटेलपासून पंक्चरच्या दुकानापर्यंत सगळ्यांचा गल्ला त्यावर. हा कारखाना मध्ये बरीच वर्षं बंद राहिला, पुढे भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला. यातून एक गोष्ट शिका: अख्खी बाजारपेठ एकाच खांबावर उभी असेल, तर खांब हलला की सगळ्यांची दुकानं हलतात. मॉल आला तरी तो दुसरा खांबच!

मग करायचं काय? उत्तर ढोकीच्या शेजारीच आहे. तेर, म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं हे गाव. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून थेट भडोच बंदरापर्यंत जायचं. म्हणजे तगर फक्त गावातल्या गिऱ्हाइकावर जगत नव्हतं. व्यापाऱ्याला तिथं यायला कारण होतं.

आज ढोकीतून लातूर–बार्शी रस्ता जातो, गावाला रेल्वे स्टेशन आहे. तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला आणि वस्तुसंग्रहालय बघायला लोक येतात. माणसं जवळून जातायत, पण ती थांबतात का? खरा प्रश्न हा आहे.

आता वही काढा. समजा, दुकानाचं भाडं 5,000, मदतनीस 8,000, लाईट आणि इतर 2,000. महिन्याचा खर्च 15,000 रुपये.

पाकिटबंद मालात समजा 10 टक्के सुटतात. नुसता खर्च निघायला विक्री लागेल दीड लाखाची, म्हणजे रोज 5,000. आणि हाच माल ऑनलाइनवाला घरपोच देतो.

ताजा नाश्ता, शिलाई, दुरुस्ती यात कच्चा माल वजा जाता समजा 50 टक्के उरतात. मग विक्री लागेल 30,000 ची, म्हणजे रोज 1,000. फाटलेली बॅग, बिघडलेला स्प्रेअर, गरम भजी मोबाईलमधून येत नाही!

म्हणून तीन कामं करा.

1. मोजा. बाजाराचा दिवस धरून सलग सात दिवस, तासातासाला किती गाड्या जातात आणि किती थांबतात, हे लिहा. बँक असो, ब्रँडची एजन्सी असो, पैसे लावणारा आधी वर्दळ बघतो. नुसत्या मागणीच्या अर्जापेक्षा या आकड्यांचं वजन जास्त.

2. थांबायला कारण द्या. स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, गाडी लावायला जागा. एका दुकानदाराला परवडणार नाही, दहा जणांनी वर्गणी काढा, ग्रामपंचायतीशी बोला. बाईमाणसाला उतरावंसं वाटलं की अख्खं कुटुंब उतरतं.

3. एका गोष्टीत नाव करा. याच जिल्ह्यातल्या कुंथलगिरीचं नाव घेतलं की खवा आणि पेढा आठवतो. तुमच्या गावाचं नाव घेतल्यावर काय आठवेल? ज्वारीचे पदार्थ, डाळी, गूळ, जे आसपास पिकतं तिथून सुरुवात करा. प्रक्रिया उद्योगासाठी केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. कर्जाशी जोडलेलं आहे, त्यामुळे आधी कृषी कार्यालयात आणि बँकेत चौकशी करा. पण अनुदानासाठी धंदा काढू नका, धंद्यासाठी अनुदान घ्या.

मोठी दुकानं गर्दीच्या मागे येतात, गर्दी आणायचं काम आधी छोट्यांनाच करावं लागतं. तेव्हा या आठवड्यात एकच करा: वही घेऊन चौकात बसा आणि गाड्या मोजा. सात दिवसांचे आकडे हातात आले की तुमचा धंदा कुठे मांडायचा, हे ती वहीच सांगेल.