सजदा लांबला तेव्हा

मदिनेत एकदा नमाज पढवताना प्रेषित मुहम्मद (स.) यांचा सजदा फारच लांबला. मागे उभ्या असलेल्यांना काळजी वाटली. नमाजनंतर त्यांनी कारण विचारले. उत्तर साधे होते : नातू पाठीवर चढून बसला होता, त्याचे मन भरण्याआधी त्याला उतरवणे त्यांना आवडले नाही. इमाम नसाई यांच्या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे.

पाठीचा घोडा घरोघरी होतो. त्यात मूल तोल सावरायला शिकते आणि मोठी माणसे आपल्यासाठी थांबतात, हा विश्वासही त्याला मिळतो. लगोरी, सागरगोट्यांत पाळीची वाट पाहणे, हरल्यावर पुन्हा डाव मांडणे अंगवळणी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमाने खेळ हा मुलांचा हक्क मानला. भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला.

तरीही रमजानच्या धावपळीत ‘गप बस, रोजा आहे’ हेच मुलांच्या कानी पडते. इफ्तार आणि तरावीहच्या मधला अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून त्यांना द्यावा. दमलेल्या अब्बांच्या पाठीवर कुणी चढलेच, तर घाईने उतरवू नये. ही स्वारी फार वर्षे चालत नाही.