कडेवरून परतणारा नेम

बिलियर्डच्या मेजावर लक्ष्यचेंडू सरळ खिशाकडे न धाडता प्रथम रबरी कडेवर आदळवून इष्ट दिशेस वळविण्याच्या कौशल्यास ‘बँक शॉट’ म्हणतात. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास ज्याचे जागतिक हौशी अजिंक्यपद पटकावले, त्या खेळातील हे मर्म जालना, अंबड, परतूर येथे कॅरम खेळणाऱ्या पोरांनाही अनायासे अवगत असते. रेषेमागची सोंगटी घेण्यासाठी स्ट्रायकर समोरच्या लाकडी पट्टीवर मारणारा मुलगा, त्या पट्टीपलीकडे सोंगटीचे आरशातल्यासारखे प्रतिबिंब कल्पून त्यावरच नेम धरीत असतो, कारण आपतन कोन व परावर्तन कोन समान, हा प्रकाशाचा कायदा येथेही बहुतांशी अंमलात असतो. भूमितीचा इतका सुंदर धडा शाळेने पुस्तकातच का कोंडावा, हे मला उमगत नाही.

बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, बिलियर्डमध्ये फटका जोरदार असेल तर रबर अधिक दबते आणि चेंडू अपेक्षेहून लंबाकडे झुकून परततो. शिवाय त्यास बाजूने गिरकी दिलेली असेल, तर कडेशी होणारे घर्षण त्याचा मार्ग आणखी पालटते.